शिडी मीच लावली

दाजी, तुमची शिडी आज जीपवरून कापून आणली.

उदगीरच्या सलीमभाई वेल्डरनं कटर लावला, ठिणग्या उडाल्या, आणि सगळे जोड सुटल्यावर ती माझ्या हातात आली. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. जीपच्या मागं होती तेव्हा काडीसारखी दिसायची. आता माझ्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवलीय आणि तिच्यासमोर बसून तुमच्याशी बोलून राहिलो. लोक म्हणतील, बालाजीचं डोकं फिरलं. म्हणू देत. जिवंत होतात तेव्हा मला कुठं बोलू दिलंत? दोन वाक्यं झाली की ‘बस कर रे शालका’ म्हणायचात. आता ऐका गप.

पाहुण्यांत कुणी विचारलं की तुम्ही छाती काढून सांगायचात, “आम्ही पाणी काढतो.” पाणी कसलं काढतो? आपण जळालेल्या मोटरी काढायचो. कुणाची मोटर बोअरात बंद पडली, खोल अडकली, की आपल्याला फोन. मग आपली ती फोर-बाय-फोर जीप, टपावरच्या कॅरियरवर तीन पायांची लोखंडी घोडी, चेनपुली, दोर, केबलची वेटोळी. पावसाळ्यात काळ्या रानात बैलसुद्धा पाय टाकायच्या आधी विचार करतो, तिथं तुम्ही गियर टाकून घुसायचात आणि वर मला म्हणायचात, “डोळे मिट, भ्या वाटत असंल तर.” लोकांच्या जीपा लग्नाच्या वऱ्हाडाला जायच्या. आपल्या जीपनं रस्ता कमी आणि ढेकळं जास्त बघितली.

आणि आपली वाटणी ठरलेली होती. वर तुम्ही, खाली मी. मागच्या टायरवर डावा पाय, खिडकीच्या कडेला उजवा, कॅरियरच्या दांडीला हात, की झालात वर. मांजर चढावं तसे. वरून एकेक सामान सोडायचात आणि मी खाली झेलायचो. माझा गुडघा तर पाईप घसरून त्यावर पडला तेव्हापासून कामातून गेलेला. तुम्ही म्हणायचात, “शालक खालीच शोभतो. वर बसवला तर डोक्यावर बसतो.” आक्का दारातून हसायची. माझी सख्खी बहीण, पण तुमच्या बाजूनं.

शिडीचं भांडण मी सुरू केलं होतं, हे मान्य. किती वर्षं चाललं ते तुम्हालाही आठवायचं नाही. ओल्या टायरवरून तुमचा पाय एकदा सटकला आणि तुम्ही दांडीला लटकत राहिलात, तेव्हापासून मी तुमच्या मागं लागलो. दाजी, शिडी लावून घेऊ. मागच्या दाराला लावू, स्टेपनी टपावर टाकू. तुम्ही म्हणायचात, मागं लावली तर दार उघडणार न्हाई. मी म्हणायचो, अर्धं उघडंल, अर्ध्यातनं तुम्हाला काय हत्ती काढायचाय? तुम्ही म्हणायचात, शिडी म्हाताऱ्यांना लागते. मी म्हणायचो, मग तुम्ही कोण, नवरदेव? रोज तेच. भोकरकडं एका रानात जीप चाकाच्या वरपर्यंत रुतली होती, ट्रॅक्टर येईपर्यंत आपण बांधावर बसलो, तर तिथंही शिडीच. समोर जीप बुडून राहिली आणि आपण तिच्या मागच्या दारावरून भांडून राहिलो. तो शेतकरी शेवटी वैतागून म्हणाला, पाव्हणे, आधी हिला बाहेर तर काढा.

मग एक दिवस तुम्ही मला न सांगता उदगीरला गेलात आणि येताना जीपच्या मागं शिडी. मी म्हणत होतो तिथंच. स्टेपनी टपावर. दार अर्धं उघडणारं. मी नुसता बघत राहिलो. तुम्ही खाली उतरून किल्ली खिशात टाकली आणि म्हणालात, “घे. झालं समाधान?”

मला तेव्हा लई आनंद झाला, दाजी. तुम्ही माझं कधी ऐकलं नव्हतं. मी आक्काला हाक मारून बाहेर बोलावलं, म्हटलं, बघ, तुझ्या नवऱ्याला शेवटी माझ्यापुढं हात टेकावे लागले. गल्लीतल्या चार जणांना दाखवलं. पायऱ्या तेवढ्या विचित्र होत्या, एकीला एक लागून. तुमच्या तंगड्या केवढ्या लांब, तुम्हाला दोन पायऱ्यांत टप गाठता आला असता. मी विचारलं, “दाजी, हिच्यावरनं काय कोंबड्या चढवायच्यात?” तुम्ही म्हणालात, “एकच कोंबडा हाय. लंगडा.” आणि मलाच पुढं ढकललंत. “तुझी हौस होती ना, मग चढ तूच.”

तेव्हापासून वाटणी उलटी झाली. वर मी, खाली तुम्ही. गुडघ्यानं एकदाही कुरकुर केली नाही. मला वाटलं, वेल्डर हुशार. वरून मला सगळं रान दिसायचं, ज्वारी, हरभरा, लांबवरचं कुणाचं तरी पत्र्याचं शेड, आणि खाली तुम्ही पाईपांच्या ढिगावर बसलेले. दोर सोडला की तुम्ही बसूनच धरायचात. मी वरून ओरडायचो, “दाजी, मालक झालात का?” तुम्ही हात हलवायचात. म्हणायचात, “शालक कामाला लागला की दाजीनं बसायचं असतंय.” किती सुखाचे दिवस वाटले मला ते. वर बसून मी राज्य करत होतो.

तुमची एक सवय मला कधी पटली नाही. मोटर सोडून झाली, बटण दाबलं, पाईपातून आधी गढूळ आणि मग नितळ पाणी आलं, की मालकाच्या घरचे सगळे तुमच्या तोंडाकडं बघायचे. तुम्ही ओंजळ भरून प्यायचात आणि म्हणायचात, “गोड हाय.” दरवेळी. मचूळ असलं तरी गोड, तोंड वाकडं होईल एवढं खारं असलं तरी गोड. येताना जीपमध्ये मी म्हणायचो, दाजी, खोटं बोलायला जीभ तरी कशी वळते? तुम्ही म्हणायचात, “अरे, तेच पाणी त्यांना उद्यापासून प्यायचंय. मी खारं म्हणून काय ते गोड होणार हाय?” मी तुम्हाला खोटारडे म्हणायचो. तुम्ही मोटरीच्या पूजेला फोडलेल्या नारळाची मोठी वाटी माझ्याकडं सरकवायचात.

आता पुढचं सांगतो. ते तुम्हाला माहीत नाही.

सकाळी अंगणात तुम्ही केबल गुंडाळत होतात आणि गुंडाळता गुंडाळता खाली बसलात. आक्का चहा घेऊन येत होती. तुम्हाला जीपच्या मागच्या बाकावर घातलं, ते अर्धं दार तेव्हा लई नडलं मला. आक्कानं डोकं मांडीवर घेतलं. लातूरपर्यंत मी कशी चालवली, मला आठवत नाही. डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवली. मग त्यांनी विचारलं, यांना आधी काही त्रास होता का? चढताना दम लागायचा? छातीत दुखायचं? आक्का ताठ उभी होती. म्हणाली, “न्हाई. असता तर मला सांगितलं असतं. ते मला सांगितल्याबिगर चहा बी पीत नव्हते.”

हे वाक्य लक्षात ठेवा, दाजी. पुढं सगळं याच्यावरच आहे.

घरी आणल्यावर माणसं जमली. तिरडी बांधायला दोर कमी पडला, तर कुणीतरी आपल्या जीपच्या शिडीवरून वर गेला आणि कॅरियरवरचा मोटरीचा दोर काढून आणला. आक्का तुमच्या उशाशी बसली होती. तिनं त्या माणसाला शिडी चढताना बघितलं, आणि मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. रडायची थांबली. तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण त्या दिवशी कुणाच्या नजरेचा अर्थ लावायला वेळ होता कुणाला.

तेरावा झाला, तुमची पोरगी नांदेडला तिच्या घरी परत गेली, आणि मग आक्कानं मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, “ते टायरवरनं चढणारं माणूस. त्यांना शिडी कशाला लागली?” मी म्हटलं, आक्का, ती तर मी कधीपासून म्हणत होतो. “हाव. तूच म्हणत होतास. तूच मला बोलावून दाखवलीस. दिवसभर तू त्यांच्या संगं. त्यांचा दम तुला दिसत होता, म्हणूनच त्यांना वर चढायचं बंद केलंस ना? त्यांना साध्या माणसाला स्वतःचं काय कळतंय? तुला कळलं होतं. मला का बोलला न्हाईस?”

मी तिच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. आईची घेतली. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दाजी, बाप गेल्यावर तुम्ही आईला आणि मला तुमच्या गावात आणलंत, घर दिलंत, हाताला काम दिलंत, माझं लग्न लावून दिलंत. आक्काच्या दारात गेलो नाही असा माझा दिवस उगवला नाही. अजूनही जात होतो. मी ओसरीवर बसायचो, ती पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवायची आणि आत जायची. एक शब्द नाही. पण पाणी द्यायची. मी तेवढं पाणी पिऊन घरी यायचो आणि बायकोला सांगायचो, हळूहळू होईल सगळं ठीक.

आज सकाळी मी गेलो तर ती बाहेर आली आणि जीपकडं बोट केलं. “ती शिडी काढून टाक. मला बघवत न्हाई.” एवढंच. मला तर तेवढ्यानंही बरं वाटलं, बोलली तरी. मी जीप काढली आणि उदगीरला गेलो.

सलीमभाईच्या शेडमध्ये जीप लावली आणि सांगितलं, शिडी कापायचीय. त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. “नक्को रे बालाजी. तेरे वास्ते बनाए थे उन्होंने.”

मी म्हटलं, माझ्यासाठी कशी?

त्यानं मला लाकडी बाकावर बसवलं, तुम्ही बसला होतात त्याच बाकावर. आणि सांगितलं. लातूरला डॉक्टरला दाखवल्यावर दोन दिवसांनी तुम्ही त्याच्याकडं आला होतात म्हणे. एकटे. डॉक्टरनं वर चढायला, ओझं उचलायला बंदी केली होती, आणि आणखी काय काय करायला सांगितलं होतं ते तुम्ही हातानंच उडवून लावलंत. मग खिशातून केबलचा एक तुकडा काढलात, त्याच्यावर चिकटपट्टीची खूण. म्हणालात, “सलीम, एवढ्या एवढ्या अंतरावर पायऱ्या घे. आता शालकाला चढावं लागणार, अन् त्याचा गुडघा ह्याच्यावर वाकत न्हाई. चिंचेखाली घोरत पडला होता तेव्हा माप घेतलं.” आणि लई हसलात.

“मैं बोला, माणिकराव, घर में बोलो,” सलीमभाई म्हणाला. “तर बोलले, ‘सांगू की. दिवाळी तर होऊ दे. आत्ता सांगितलं तर ती जेवायची न्हाई.’ मला वाटलं, सांगितलं असंल.”

झोपेत माझा गुडघा मोजलात तुम्ही. मी घोरत होतो आणि तुम्ही माझ्याशेजारी बसून केबलच्या तुकड्यानं माझा पाय मोजत होतात, तुमच्या छातीत ते सगळं घेऊन. मी वर बसून राज्य करत होतो तेव्हा खाली तुम्ही पाईपांवर बसलेले. मी बाकावर बसून रडलो, सलीमभाईच्या पोरांसमोर. त्यानं रडू दिलं. मग विचारलं, कापू का नको? मी म्हटलं, काप. आक्काला बघवत नाही.

कापलेली शिडी कॅरियरवर टाकायची तर वर चढायला शिडी नाही. टायरवर पाय दिला, गुडघ्यातून कळ गेली, सलीमभाईनं खालून रेटलं तेव्हा वर गेलो. निघताना तो म्हणाला, “आक्काला सांग सगळं. मैं आके बोलूं क्या?” मी म्हटलं, गरज पडली तर बोलावतो.

उदगीर सोडलं तेव्हा, खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. साक्षीदार मिळाला होता. आता आक्कापुढं जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं, बघ, मला काही माहीत नव्हतं, शिडी दाजींनी लावली, विचार सलीमभाईला. ती रडेल, मला जवळ घेईल, म्हणेल चुकलं माझं बाबा. रस्ताभर मी तिच्या तोंडची वाक्यं तयार करत होतो.

मग गावाच्या फाट्यावर मला तिचं ते वाक्य आठवलं. असता तर मला सांगितलं असतं.

मी जीप बाजूला घेतली. दाजी, तिच्याकडं आता दुसरं काय उरलंय? घर आहे, दोन म्हशी आहेत, आणि हे एक वाक्य आहे. येईल त्या बाईला ती तेच सांगते. तुम्ही तिला सांगितल्याशिवाय चहा पीत नव्हतात, आणि जाताना तुम्हालाच कळलं नाही म्हणून सांगता आलं नाही. त्यावर ती उठते, दूध काढते, चूल पेटवते. आणि मी जाऊन काय सांगणार होतो? की तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं लातूरला दाखवलं. वेल्डरला सांगितलं. मेव्हण्याच्या गुडघ्याचं माप घेतलं, पायऱ्या बसवून घेतल्या, आणि रोज रात्री तुझ्या हातची भाकरी खाऊन, तुझ्याशेजारी झोपून, तुला तेवढं सांगितलं नाही. मी सुटलो असतो. तुम्ही तिच्या नजरेतून उतरला असतात, तेही मेल्यावर, जिथून तुम्हाला काही समजावून सांगता येणार नाही.

तुमचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता. स्टेअरिंगवर हात आपटले मी. सगळ्यांना गोड सांगत फिरलात आणि खारं माझ्यापुढं ठेवून गेलात.

मी तुमच्या घरासमोर जीप लावली. आक्का तांब्या घेऊन बाहेर आली. मागं शिडीच्या जागी चार काळे डाग राहिलेत ते तिनं बघितलं.

“काढलीस?”

“काढली.”

तिनं तांब्या ठेवला नाही, हातातच धरला. “बालाजी, एकदा खरं सांग. तुला दिसत होतं ना?”

“हाव,” मी म्हणालो.

 मीच पुढं बोलत गेलो, एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. “त्यांना दम लागायचा. त्यांना वाटायचं पित्त हाय. मला दिसत होतं. म्हणून शिडी मीच लावली.”

“मला का सांगितलं न्हाईस?”

“काम बंद पडलं असतं, आक्का.”

हे मला कुठून सुचलं कुणास ठाऊक. पण तिला ते लगेच पटलं. एवढ्या वर्षांच्या भावाबद्दल तिला ते इतक्या लवकर पटलं, दाजी.

मग तिनं हळू आवाजात विचारलं, “त्यांना ठाऊक न्हवतं ना?”

“न्हाई. ठाऊक असतं तर तुला सांगितलं नसतं का?”

तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी तो तसा बघितला. एवढं एक तुमच्यासाठी आणि तिच्यासाठी करता आलं. तिनं मान हलवली, स्वतःशीच, दोनदा. मग हातातल्या तांब्याकडं बघितलं, माझ्यासाठी आणलेलं पाणी तुळशीत ओतलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.